रावन्थूची फुंकर

रोमच्या उत्तरेला, समुद्राजवळच्या आमच्या किस्रा गावात सोनारांची आळी आणि कुंभारांची आळी पाठीला पाठ लावून आहेत. दोघांनाही दिवसभर विस्तव लागतो, म्हणून गावाने दोघांनाही वाऱ्याच्या उताराला, कड्याच्या टोकाशी नेऊन बसवलं. मी लग्न होऊन कुंभाराच्या घरात आले तेव्हा आमच्या भट्टीमागच्या भिंतीला एक खिडकी होती आणि खिडकीपलीकडे वेनेल सोनाराचं घर. सोनं वितळवायच्या मुशी आम्ही त्यांना त्या खिडकीतूनच द्यायचो. माझं नाव हास्ती. काळी भांडी भाजण्याआधी गुळगुळीत दगडाने घासून चकचकीत करणं हे माझं काम. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, असं ते काम आहे. त्यामुळे वेनेलकाकांच्या मुलीशी, रावन्थूशी, माझी लगेच गट्टी जमली.

रावन्थू सोनारीण वाटायची नाही. उंच, रुंद खांद्यांची, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. आवाज असा की खाली ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका मान वर करून बघायच्या. पण ती रव्याच्या कामाला बसली की घरातले सगळे गप्प. कोंबड्यासुद्धा अंगणात हाकलून दार लावून घेत.

रव्याचं काम म्हणजे सोन्याची बारीक तार कातरून तिचे खसखशीएवढे तुकडे करायचे, कोळशाच्या भुकटीत थर देऊन ते मुशीत पुरायचे आणि मूस तापवायची. आतल्या आत प्रत्येक तुकडा वितळून गोल होतो. कोळसा धुऊन काढला की तळाला सोन्याची धूळ उरते, आणि त्या धुळीचा कण न् कण गोल. मग एकेक रवा पिसाच्या टोकाने उचलायचा, हिरव्या दगडाची पूड कालवलेल्या चिकात बुडवायचा आणि दागिन्यावर मांडायचा. त्यातून फुलं काढा, पानं काढा, सिंह काढा. इथपर्यंत चिकाटी असली तर कुणीही येऊन पोचेल. पुढे फुंकणीने ज्योत त्या नक्षीवर धरायची असते. एक क्षण असा येतो की सगळ्या रव्यांवरून एक लकेर चमकून जाते, आणि त्या क्षणी ते खालच्या पत्र्याला धरतात. फुंकर कमी पडली तर रवे गळतात. जास्त झाली तर फुलं-पानं सगळं एक होऊन सोन्याचा नुसता गोळा उरतो.

गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घेत राहायचं आणि ज्योत तुटू द्यायची नाही, हे वेनेलकाकांनी तिला लहानपणी शिकवलं होतं. तिचे भाऊ बंदरावर गलबतांच्या धंद्यात गेले. नवरा मामार्के घरजावई होऊन आला. सोन्याचा पत्रा ठोकावा तर मामार्केने, असं आळीत म्हणायचे. पण फुंकणी तोंडाला लावली की त्याला हसू फुटायचं. वेनेलकाकांच्या डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासं झालं तेव्हापासून ते भट्टीजवळच्या बाकावर बसून ज्योतीचा नुसता आवाज ऐकायचे. घरातलं बारीक काम असं सगळं रावन्थूच्या तोंडावर आलं होतं.

एका वर्षी द्राक्षांच्या हंगामात आम्ही दोन्ही आळ्यांच्या बायका दगडी कुंडात द्राक्षं तुडवत होतो. बासरीवाला काठावर बसून दुहेरी बासरी वाजवत होता. रावन्थू गाण्याच्या नादात गर्रकन वळली, सालींवरून तिचा पाय सरकला आणि ती तोंडावर कुंडाच्या काठावर आपटली. हसतच उठली. आम्हीही हसत होतो, कारण रसाने सगळ्यांचीच तोंडं लाल झाली होती. मग तिने जीभ वरच्या दातांशी नेली आणि ती थांबली. तेव्हा कळलं की तिच्या तोंडावरचा लाल रस नव्हता.

वरचे पुढचे दोन दात गेले होते. एक मुळासकट तिच्या तळहातावर आला. दुसरा आम्ही सालींमध्ये खूप शोधला, मिळाला नाही.

मामार्के धावत आला, तिचं तोंड पाण्याने धुतलं, बघितलं, आणि म्हणाला, "ह्या वर्षीची दारू चावणार म्हणायची."

सगळे पुन्हा हसले. रावन्थूही हसली, पण ओठ मिटून. तसं हसताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसांत तिच्या हातात वेलेलियाबाईंचं काम होतं. वेलेलियाबाई म्हणजे वरच्या रस्त्यावरच्या मोठ्या घराण्यातल्या. जैतुनाचा हंगाम आटोपला की त्यांच्या मुलीचं, थानियाचं, लग्न होतं, आणि तिच्यासाठी छोट्या पेटीच्या आकाराची कर्णफुलं करायची होती. पेटीचा प्रत्येक कोपरा रव्यांनी भरायचा. हिरडीची सूज उतरल्यावर रावन्थू कामाला बसली. मी खिडकीशी भांडं घासत होते.

फुंकणीचा आवाज सुरू झाला. नेहमी तो एकसारखा यायचा. आज मध्ये मध्ये शिट्टी वाजत होती.

वेनेलकाकांनी मान वळवली. "कोण फुंकतंय?"

"मीच, बाबा."

"मग हवा कुठे चाललीय?"

ज्योत फडफडली, आणि थोड्या वेळाने तिने चिमटा खाली ठेवल्याचा आवाज आला. कर्णफुलाच्या एका बाजूची फुलं गेली होती.

मग तिने फटीत मेण भरून पाहिलं. उष्णतेने ते पाघळून फुंकणीत गेलं. कातड्याचा तुकडा दातांत धरून पाहिला, तर लाळ सुटायला लागली. मामार्केने स्वतः फुंकून पाहिलं. त्याचं काय झालं ते मी सांगत नाही. तो पत्रा पुन्हा ठोकून सपाट करावा लागला.

"वेई गावाला माझा मावसभाऊ आहे," एके दिवशी तो म्हणाला. "त्याला बोलावून घेऊ. थोडे दिवस तो फुंकेल. तू आराम कर."

"बोलाव," रावन्थू म्हणाली. "आणि मी काय करू? तुझी भाकरी भाजू?"

"भाकरी तू कधी भाजलीस?"

"म्हणूनच विचारतेय."

हे ती हसत म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिचं बोलणंच बिघडलं होतं. 'थ' म्हणायला जावं तर 'फ' निघायचा. थानियाला ती 'फानिया' म्हणाली आणि वेलेलियाबाईंची मोलकरीण फिस्सकन हसली, तेव्हापासून तिने ते नाव घेणंच सोडलं. पंगतीची बोलावणी आली तरी जाईना. आमच्यात बायका नवऱ्यांशेजारी गादीवर टेकून जेवतात, मोठ्याने बोलतात, प्याले उंचावतात. रोमहून आलेले पाहुणे ह्यावर नाकं मुरडतात, ते सोडा. त्या पंगतीत रावन्थू नाही म्हणजे अर्धी मजा गेली. लोक मामार्केला विचारायचे, तो म्हणायचा डोकं दुखतंय. खिडकीशीही ती येईनाशी झाली. मी मुशी ठेवायचे, हात यायचा, मुशी जायच्या. भिंतीला भिंत लागून असलेलं माणूस परगावी गेल्यासारखं मला झालं होतं.

पुढे एके सकाळी हात आला तो मुशी घ्यायला नव्हता.

"हास्ती, तुझ्याकडे डुकराचं डोकं शिजलं होतं ना काल? जबडा टाकलास का?"

"कुत्र्याला घालणार होते. का?"

"आण."

मी आणून दिला. का ते तिने सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. ती आपण होऊन बोलली हेच मला खूप होतं. नंतर कळलं ते असं. फार वर्षांपूर्वी बंदरावर पूर्वेकडचा एक हस्तिदंताचा व्यापारी तिने पाहिला होता. त्याचे हलणारे दात कुणीतरी सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधून दिले होते. तार दातांत घुसते, रुतते, हे तिला तेव्हाच दिसलं होतं. आता तिला वाटत होतं की तारेऐवजी पट्टी केली तर? शेजारच्या धडधाकट दातांना सोन्याची कडी घालायची, मधे रिकामी घरं ठेवायची, आणि त्या घरांत दात बसवून आडवी खीळ मारायची.

मामार्के बाजारातून आला तर कामाच्या पाटावर डुकराचा जबडा आणि जबड्याच्या पुढच्या दातांवर सोन्याची पट्टी चमकतेय.

"ह्याचं लग्न ठरलंय का?" त्याने विचारलं.

"आधी माझं बघू," रावन्थू म्हणाली. "इकडे ये, फुंक. जाड डाख आहे, तुला जमेल. आणि हसलास तर ह्याच जबड्याने मारीन."

मामार्के हसला नाही. गाल फुगवून, डोळे पट्टीवर लावून त्याने फुंकलं आणि जोड बसला. वेनेलकाका बाकावरून म्हणाले, "गाढव फुंकतंय, पण फुंकतंय."

तिचा स्वतःचा निघालेला दात तिने जपून ठेवला होता. त्याचं मूळ कापलं, आरपार भोक पाडलं. हरवलेल्या दाताच्या जागी काय, हा प्रश्न होता. मी खाटकाकडून बैलाचा दात आणला आणि आमच्या दगडावर तिने तो घासून घासून बारीक केला. पहिली पट्टी फार घट्ट झाली. एक दिवस घातली तर शेजारचे दात ठणकायला लागले. दुसरी सैल झाली, बोलताना खाली आली आणि वाटाण्याच्या आमटीत पडली. मग तिने मऊ मेण दातांवर दाबून ठसा घेतला, ठशावर पट्टी वाकवली, आणि पट्टीची खालची कड कानशीने इतकी गोल केली की हिरडीला तिचा स्पर्श जाणवू नये.

ही तिसरी पट्टी बसली तेव्हा मी तिथेच होते. रावन्थूने जीभ फिरवली. ओठ मिटले, उघडले. मग सावकाश म्हणाली, "थानिया."

"परत म्हण," मामार्के म्हणाला.

"थानिया, थानिया, थानिया. झालं समाधान? आण ती फुंकणी."

त्या दुपारी पुन्हा तो एकसारखा आवाज खिडकीतून यायला लागला. मी दगड खाली ठेवला आणि ऐकत बसले. वेनेलकाका बाकावर होते. ज्योत थांबल्यावर मला वाटलं ते काही बोलतील. त्यांनी नुसतं विचारलं, "आज जेवायला काय आहे?" आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले. रावन्थू उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.

कर्णफुलं वेळेवर झाली. थानियाच्या लग्नाच्या पंगतीला आम्हा कारागिरांनाही बोलावलं होतं, अर्थात दाराजवळच्या गाद्यांवर. रावन्थूने ठरवलं होतं की तोंड फार उघडायचं नाही. बासरी सुरू झाली, दुसरा प्याला झाला, मामार्केने काहीतरी सांगितलं आणि ती खदखदून हसली. दिव्यांच्या उजेडात तिच्या तोंडात सोनं लखलखलं. आमच्या बाजूच्या सगळ्या माना वळल्या. मी समोर बघितलं तर वेलेलियाबाई एकटक तिच्याकडे बघत होत्या, नेहमीसारखा हात तोंडापुढे धरून. त्यांची ती लकब नजाकतीची आहे असं सगळ्या गावाला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी त्या पायी आळीत आल्या, डोक्यावरून पदर घेऊन, बरोबर कुणी नाही. कर्णफुलांबद्दल बोलल्या, हवेबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "रावन्थू, तुझ्या तोंडात आहे ते मला बघू दे."

रावन्थूने दाखवलं. बाईंनी हात खाली घेतला. वर तीन दात नव्हते.

"कुणाला कळता कामा नये," त्या म्हणाल्या.

"बाईसाहेब, सोनं आहे ते. तोंड उघडलंत की दिसणार. दिसू नये असं मला करता येत नाही."

बाईंनी तिला पुन्हा तोंड उघडायला लावलं. मग म्हणाल्या, "मग नीट दिसेल असं कर."

आणि तसंच झालं. वेलेलियाबाई पुढच्या सणाला देवीच्या देवळापुढे हात खाली सोडून हसत उभ्या राहिल्या. त्यांच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींच्या नणंदा आल्या. कोळीण आली, आजीचं मोडकं कानातलं घेऊन, त्यातून पट्टी होते का बघ म्हणाली. झाली. रावन्थू पुन्हा पंगतीला जायला लागली, आणि ओढ्यावरच्या बायका पुन्हा माना वर करायला लागल्या.

पण एक गोष्ट तिच्या मनात नव्हती ती घडली. वरच्या रस्त्यावर सोन्याची पट्टी म्हणजे मोठेपणाची खूण झाली. एके दिवशी थानिया आली. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. ओठ कोवळे, दात तांदळासारखे एकाला एक लागलेले.

"मावशी, मला पण पट्टी पाहिजे," ती म्हणाली.

"तुला कशाला? तुझे सगळे दात आहेत."

"एक काढायचा. माझ्या जावेने काढलाय."

रावन्थूने कानस खाली ठेवली. "दुखणारा दात आहे?"

"नाही."

"मग मी नाही करणार. पडलेला दात घेऊन ये, बसवून देईन. चांगला दात काढायला माझ्याकडे येऊ नकोस, बाळ."

थानिया रडवेली होऊन गेली. संध्याकाळच्या आत वेलेलियाबाई आल्या, ह्या वेळी पालखीतून.

"सोनं माझं, दात माझ्या मुलीचा. तुझं काय जातं?"

"माझं काहीच जात नाही, बाईसाहेब. माझे दोन गेले तेव्हा मी काय होते आणि काय झाले, ते मला माहीत आहे. ते मी मुद्दाम कुणाला करणार नाही."

"दुसरा सोनार करेल."

"करेल."

बाई उठून गेल्या. मामार्के हातोडी हातात धरून बसून राहिला होता. तो म्हणाला, "आता वरच्या रस्त्याचं काम गेलं."

"गेलं."

"नाही म्हणायच्या आधी मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

त्याने थोडा विचार केला. "हेच म्हणालो असतो. पण विचारायचंस."

काम खरंच गेलं. त्या हिवाळ्यात त्यांच्या भट्टीचा आवाज फार थोडा यायचा. मामार्के आमच्याकडे माती मळायला येऊन बसायचा, आणि मळताना मातीलासुद्धा पत्र्यासारखं ठोकायचा. रावन्थू कोळणींच्या, धोबिणींच्या पट्ट्या करायची. वेनेलकाका त्याच हिवाळ्यात गेले, झोपेत, बाकावरच.

थानियाचा दात दुसऱ्या कुणीतरी काढला. जबडा सुजला, ताप चढला. यकृत बघणाऱ्या भटजींनी मेंढी कापून शकुन पाहिला आणि काही स्पष्ट सांगितलं नाही, म्हणजे वाईट होतं. रावन्थूला त्यांच्या मोलकरणीकडून कळलं. ती उठली, मिठाच्या पाण्याचा घडा घेतला, मला म्हणाली, "चल."

वरच्या रस्त्यावरच्या त्या घरात आम्हाला कुणी अडवलं नाही. वेलेलियाबाई मुलीच्या उशाशी बसल्या होत्या, हात पुन्हा तोंडापुढे. रावन्थूने थानियाला उठवून बसवलं, कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावली, गळू फुटेपर्यंत शेक दिला. ती रोज जायची. दाताचा विषय तिने काढला नाही आणि बाईंनीही काढला नाही. ताप उतरला तेव्हा थानियाने उशीखालून एका फडक्यात बांधलेला आपला दात काढून तिच्या हातात दिला. पोरगी रडत होती.

"बघ, छान आहे की अजून," रावन्थू म्हणाली. "जखम भरू दे. मग बसवू परत."

उन्हाळा लागायच्या आधी तिने तो बसवला. थानियाची पट्टी तिने केलेल्या सगळ्या पट्ट्यांत बारीक होती. चमक दिसावी म्हणून नव्हे, दात राहावा म्हणून केलेली. वेलेलियाबाईंनी त्यानंतर पुन्हा काम पाठवलं. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. पण सणाला त्यांच्याकडून मधात घोळलेली अंजिरं यायची, आणि पोचवायला थानिया स्वतः यायची, पुढे कडेवर मूल घेऊन.

रावन्थू म्हातारी होईपर्यंत फुंकत राहिली. डोळे अधू झाले तेव्हा तिने रव्यांचं काम भाचीला, बंदरावरच्या भावाच्या मुलीला, दिलं, पण पट्ट्या स्वतःच करायची. बोटाने आणि जिभेने तपासायची, डोळ्यांची गरज नाही म्हणायची. माझी दाढेशेजारची पट्टी तिचीच आहे. ती बसवताना माझ्या तोंडात हात घालून तिने इतक्या गप्पा मारल्या की मला एकाही गोष्टीचं उत्तर देता आलं नाही. मला वाटतं तिने ते मुद्दामच केलं.

ती गेली तेव्हा आळीने तिला कड्यात कोरलेल्या तिच्या घरच्या थडग्यात नेलं, वडिलांशेजारच्या ओट्यावर. ताटं-वाट्या मी दिल्या, सगळ्या माझ्या हाताने घासलेल्या. बंदरावरचा तिचा थोरला भाऊ आला होता. तो मामार्केला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "तिच्या तोंडातलं सोनं काढून घ्यायचं का? तुझ्या भाचीला होईल."

मामार्केने त्याच्याकडे बघितलं. "मग तिकडे ती जेवणार कशाने?"

आम्ही दारातच बसून पंगत केली, डुकराचं मटण, चीज, जुनी दारू. थानिया माझ्याशेजारी होती. मामार्केने दोनदा वाढून घेतलं, तिची आवड म्हणून थोडं आत ओट्यावरही ठेवून आला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून दाराचा दगड लावला आणि ऊन उतरायच्या आत घरी आलो.